घड्याळ दाबायचं राहिलं

परवाच्या रविवारी आमचे हे बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळले. इथेच पनवेलमध्ये, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी मागच्या खुर्चीवर पर्स घट्ट धरून बसले होते, जणू कोणी ओढून नेणार आहे...

मागच्या वर्षी ह्यांना छोटा स्ट्रोक येऊन गेला. हातपाय सावरले, पण मधेच कुठेतरी थांबतात. एका सकाळी ब्रशला पेस्ट लावून तसेच उभे... पुढे काय करायचं ते आठवेना. माझ्याकडे बघून नुसते हसले. तेव्हापासून त्या हसण्याची मला धास्ती आहे.

"डोकं चालतंय की नाही, एकदाचं कळू दे," म्हणून त्यांनी परस्पर नाव दिलं.

समोर करंजा गावचे एक गृहस्थ होते, तिथल्याच बंदरावर कामाला. त्यांचे मोहरे पांढरे, ह्यांचे काळे. हे वरचढ होते, एवढं मलाही कळत होतं. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सुट्टीच्या तासाला सिस्टर आम्हाला पट मांडून द्यायच्या... आणि कुणी बोललं की पटच उचलून न्यायच्या!

मग ह्यांनी हत्ती सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. घड्याळ दाबलंच नाही! खेळी झाली की घड्याळ दाबायचं, नाहीतर आपलाच वेळ संपत जातो आणि जिंकत आलेला डाव हातचा जातो.

हे समोर बघून हसत होते. तेच हसणं.

बघणाऱ्यांनी बोलायचं नाही, हा नियम. सगळं पुन्हा पुसलं गेलं का?

समोरच्या गृहस्थांनी मान वर केली. घड्याळाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. गप्प राहिले असते तर आयतेच जिंकले असते.

"काका, घड्याल दाबा ना. टाइम चाललाय तुमचा."

ह्यांनी दाबलं. थोड्याच वेळात त्या गृहस्थांनी डाव सोडला आणि हसत हात पुढे केला. "मीच सांगितला, नि मलाच हरवलाव ना काका!"

बाहेर चहा घेताना मी भीतभीतच विचारलं, "विसरला होतात ना हो?"

"विसरलो," हे म्हणाले. "पण त्याचा वजीर कुठे अडकलाय, ते नव्हतो विसरलो."

आजारपणानंतर 'विसरलो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. भीती काही गेलेली नाही... पण आता ती मला एकटीला सांभाळायची नाही.

करंज्याच्या त्या भाऊंचे आभार मानायचे गडबडीत राहूनच गेले. म्हणून इथे लिहितेय.