गिअरची लांब दांडी

माझ्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला शॉर्ट शिफ्टर बसवावा की नाही, यावर माझं बरेच दिवस चाललं होतं. तो बसवला की गिअरची दांडी जेमतेम हलवली तरी गिअर खटकन पडतो. रबाळ्याचा मेकॅनिक मागेच लागला होता आणि मलाही मोह झाला होता.

बायकोला सांगितलं, तर भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘मग मला कसं जमणार?’

गेल्या वर्षी माझा डावा खांदा आखडला होता, पण गाडी चालवायचा हट्ट काही सुटत नव्हता. मी क्लच दाबून गिअर सांगायचो आणि शेजारी बसलेली ती दांडी ओढायची. तिला गाडी येत नाही, पण दांडी लांब हलायची म्हणून हाताला अंदाज यायचा. एकदा तळवलीजवळ चौथ्याऐवजी दुसरा पडला. मी वसकन ओरडलो, तर म्हणाली, ‘ओरडू नका, पुढचा सांगा.’

खांदा कधीच बरा झालाय. तरी सिग्नल सुटला की माझ्याआधी तिचा हात दांडीवर जातो.

मेकॅनिकला नको म्हणून कळवलं. त्याने कारण विचारलं.

‘ही गाडी आम्ही दोघं चालवतो,’ मी म्हणालो.