मी पुन्हा धुतलेल्या बरण्या

सई, निहार — हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही; आणि त्यांना तर मी दूध उतू गेलं तरी सांगते.

मग आत्ताच का? सई, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का. मी ऐटीत म्हणाले, थोतांड आहे सगळं. तू म्हणालीस, "आजी, तू किती भारी आहेस!" फोन ठेवला आणि — भारी? मी?

निवृत्तीनंतर मी चंद्रपूरच्या कॉलेजात एम.ए.ला नाव घातलं, तिथल्या उद्योजकता मंडळातही शिरले. फोटो पाठवला होता — विशीतल्या मुलांमध्ये पांढऱ्या केसांची मी, गळ्यात ओळखपत्र. आमच्या गटात इथलाच रोशन आणि गोंडपिपरीची प्रगती. प्रगती गटप्रमुख. आमचा माल, वास्त्यांचं लोणचं. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात इथल्या बाजारात ढिगाने येतात. कॉलेजचा मेळावा झाला की गटप्रमुखांनी नागपूरच्या स्पर्धेत बोलायचं होतं. प्रगती हॉस्टेलच्या आरशासमोर भाषण घोकत होती. घरचे म्हणत होते, बी.ए. झालं की लग्न. नागपूरला नंबर आला तर ते थांबतील, अशी तिची आशा.

काचेच्या बरण्या तिने धुतल्या, ऊन पडलं त्या दिवशी गच्चीवर वाळवल्या आणि माझ्याकडे ठेवल्या, कारण मी कॉलेजजवळ राहते. जाताना म्हणाली, "आजी, आता याईले हात नोका लावू जी."

तुम्ही मला ओळखता. मी हॉटेलात चमचासुद्धा रुमालाने पुसते. एका बरणीवर बोटाचा ठसा दिसला. एकाच — पण एक दिसल्यावर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? मी सगळ्या पुन्हा धुतल्या. साबणाने. फडक्याने पुसल्या आणि टापटिपीने झाकणं घट्ट लावली. लोणच्याच्या बरणीत पाण्याचा थेंब राहू नये, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण माझं पुसणं म्हणजे पुसणं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रगती लोणचं भरायला आली. "लय चमकून राह्यल्या जी बरण्या!" मी हसले. तेव्हाच सांगता आलं असतं — नाही का? उरलेलं लोणचं तिने हॉस्टेलवरून आणलेल्या एका टवका उडालेल्या बरणीत भरलं आणि मला दिलं. "हे तुमच्यासाठी."

मेळाव्यात पाहुण्यांसमोर रोशनने पहिली बरणी उघडली. वर पांढरी लव, सशाच्या पाठीसारखी. दुसरी. तिसरी. रोशन माझ्या कानाशी म्हणाला, "आजी, बाजूच्या स्टॉलवर मशरूम हायेत. त्याच्यातच सरकवून देऊ का?"

त्याची आई बघायला आली होती. ती म्हणाली, "कोण्या पोरीनं शिवलं असन. तशा दिवसात लोणच्याले हात नाई लावत." गटात पोरगी एकच, प्रगती. मग ती माझ्याकडे वळली. "काऊन जी बाई, खरं हाय का नाई?"

मी — शाळेत आयुष्यभर मुलींना हे खूळ आहे म्हणून शिकवलेली मी — म्हणाले, "हो, म्हणतात खरं तसं."

म्हणतातच की. खोटं कुठे बोलले?

प्रगतीचे कान लाल झाले. सगळ्यांसमोर, मंडळाच्या सरांसमोर, ती म्हणाली, "भरलं तवा माही पाळी नवती जी." सर मांडवाकडे बघू लागले. रोशन मोबाईलमध्ये शिरला. मी बरण्यांची झाकणं पुन्हा घट्ट लावू लागले.

वाद नको म्हणून सरांनी नागपूरला मला पाठवलं. वयाने मोठी, इंग्रजी चांगलं. आणि मी गेले! मुलींना संधी द्या, असं बोलले. टाळ्या पडल्या. तो फोटोही पाठवला होता. तुम्ही लाल हृदयं धाडलीत.

प्रगतीने मंडळ सोडलं. परीक्षेनंतर तिचं लग्न झालं. पत्रिका आली होती, वर तिच्या अक्षरात 'आजी' लिहिलेलं. मी गेले नाही.

टवका उडालेली ती बरणी माझ्या कपाटात आहे. तेवढी एकच मी धुतली नव्हती. तिच्यातलं लोणचं अजून चांगलं आहे.