साखळीमागची वाट

किर्यात गातजवळच्या आम्हा मराठी ज्यूंच्या मोशावात, म्हणजे शेतकऱ्यांच्या वसाहतीत, यायला-जायला एकच रस्ता होता. तो ओढ्यातल्या फरशीवरून जायचा. हिवाळ्यात वरच्या अंगाला पाऊस झाला की फरशी पाण्याखाली जायची आणि आम्ही आत अडकायचो. दुसरी वाट होती, पण ती माझ्या संत्र्यांच्या बागेतून थेट मोठ्या सडकेला मिळायची आणि तिच्या तोंडाशी मी साखळी लावली होती.

शाब्बाथला, शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, दारावरून गाड्या गेलेल्या बाबांना आवडत नाहीत, असं मी सांगायचो. ते खरंही होतं. शुक्रवारी दिवे लागायच्या आत किल्ली बाबांच्या उशाजवळच्या डब्यात जायची, कारण शाब्बाथला ती अंगावर बाळगायची नाही. पण बाकीचे दिवसही कुलूप तसंच असायचं.

हे तोंडावर बोलायचे ते फक्त शेजारचे दादा. नव्वदच्या दशकात मागे नवे प्लॉट पडले, तरुण जोडपी आली, तेव्हा दादांनी कमिटीत विषय काढला. "पूर आला नि कुणाला काही झालं तर काय करायचं? बागेतली वाट सगळ्यांना खुली करा."

मी म्हणालो, "ती माझी जमीन आहे."

"अरे, तुझी संत्री काय आम्ही खिशात घालून नेणार?"

सगळे हसले. मी नाही हसलो. ते हसणं माझ्या मनात बसलं.

त्याच हिवाळ्यात, शाब्बाथच्या दुपारी, वहिनी धावत आल्या. दादांच्या छातीत कळ आली होती. अँब्युलन्स आली होती, पण फरशीच्या पलीकडे उभी होती. पाणी वाढतच होतं. वहिनींच्या पायात चप्पल नव्हती.

"किल्ली दे रे. बागेतून नेऊ त्यांना."

"किल्ली बाबांकडे आहे. ते झोपलेत."

"मग उठव ना त्यांना!"

"शाब्बाथ आहे, वहिनी."

जीव वाचवायला शाब्बाथ मोडायचा असतो, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. वहिनींनाही होतं. पण त्या बाबांना फार मानायच्या. देवाधर्माचं नाव ऐकून त्या दारातच थबकल्या. मागून त्यांची मुलगी हिब्रूत ओरडत होती, लवकर करा, पप्पा घामानं भिजलेत.

मी आत गेलो. बाबा खरंच झोपले होते. डबा उघडला, किल्ली हातात घेतली, आणि तिथेच उभा राहिलो. आज साखळी काढली की उद्या ती सगळ्यांची वाट होणार. दादांचंच खरं होणार, आणि तेही दादांसाठीच. मी बाबांचा श्वास ऐकत होतो. बाहेर वहिनी पुन्हा पुन्हा माझं नाव घेत होत्या. मी हललो नाही.

मग मुलीची किंकाळी आली आणि मी पळत सुटलो. दादांना माझ्या पिकअपमध्ये आडवं घातलं, साखळी काढली. चिखलात चाकं फिरत होती, वहिनी मागे त्यांचं डोकं मांडीवर धरून होत्या. सडकेवर अँब्युलन्स वळसा घेऊन आली तेव्हा दादांचे ओठ निळे पडले होते.

दादा वाचले. पण हृदयाचा बराच भाग निकामी झाला, शेत सुटलं. आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. मोशावात लोक म्हणाले, बिचारा धर्माला घाबरला. मी त्यांना तसंच समजू दिलं.

काही वर्षांनी मी त्या वाटेसाठी जमीन दिली, डांबर पडलं. लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दादांच्या घरी नवसाचा मलिदा होता. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, फळं असं ताट एलियाहू हन्नबीच्या, आमच्या प्रेषिताच्या, नावानं मांडलेलं. प्रार्थना झाल्यावर वहिनींनी पहिला वाटा माझ्या हातावर ठेवला. "ह्यानं वाट दिली," त्या सगळ्यांना म्हणाल्या.

दादा कोपऱ्यात खुर्चीवर होते. म्हणाले, "चल, दाखव तरी तुझा रस्ता. मी अजून बघितला नाही."

ऊन उतरलं होतं. मी गाडी हळू चालवत होतो. साखळीचा खांब होता तिथे आलो आणि ब्रेक दाबला.

"दादा, त्या दिवशी किल्ली माझ्या हातात होती."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"बाबांना मी उठवलंच नाही. शाब्बाथसाठी नाही. तुम्ही कमिटीत लोकांना माझ्यावर हसवलंत म्हणून. वाट जाईल म्हणून. आत नुसता उभा होतो."

"ही बाहेर ओरडत होती तेव्हा?"

"हो."

दादांनी काच खाली केली. बागेकडे तोंड केलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आखूड, अडकत अडकत येणारा. मी शिवीची वाट बघत होतो. ती आली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी आरशात पाहिलं.

"गाडी काढ," ते म्हणाले. "अशी मधे उभी करू नये. मागून कुणाला जायचं असेल."