दुपारच्या सुट्टीत मराठी बंद

आष्टी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोनच शिक्षक. मी आणि माझ्याहून बरेच वडील असलेले गुरुजी. इंग्रजी संभाषणाच्या प्रशिक्षणाला आम्हाला बीडला बोलावलं होतं. तिथल्या तरुण प्रशिक्षिकेनं गुरुजींना उभं करून इंग्रजीत ओळख सांगायला लावली. ‘माय नेम इज’ म्हणून ते अडले. ओठ हलत राहिले, आवाज फुटेना. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरुजी त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. ते म्हणाले, “सर, पुस्तकातलं समदं कळतंय मला. मग तोंडातून काहून निघत न्हाई?”

“मला तरी कुठं बोलता येतं? आपण दोघं बोलत जाऊ. दुपारच्या सुट्टीत मराठी बंद.”

दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता गुरुजींनीच सुरुवात केली, “टुडे व्हॉट भाजी?” एकेक शब्द शोधताना त्यांच्या हातातला घास हातातच राहायचा. पोरं दारात जमून हसायची. त्यांच्या हसण्याचं गुरुजींना काही वाटत नसे. पुढं पुढं तर ते पोरांनाच अडवायचे, “व्हेअर आर यू गोइंग?” पोरं लाजून पळायची, पण गुरुजींचा आवाज मोकळा झाला होता. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळी सरली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. एका सकाळी शाळेसमोर भांडीकुंडी, माणसं भरलेला ट्रॅक्टर उभा राहिला. चौथीतली एक मुलगी आईबरोबर सांगायला आली होती.

“हिला नेतो, गुरुजी. धाकट्याला संबाळाया कुणी न्हाई.”

“मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह सुरू होईल. राहू द्या की इथं,” गुरुजी म्हणाले.

“कवा व्हईल ते? टोळीचा मुकादम थांबतोय व्हय?”

गुरुजी मुलीकडं वळले. सवयीनंच त्यांनी तिला विचारलं, “व्हेअर आर यू गोइंग?”

“आय अॅम गोइंग विथ माय मदर,” ती न अडखळता म्हणाली.

वर्गातून आलेलं ते पहिलं पुरं उत्तर. ट्रॅक्टर गेला तरी गुरुजी पायरीवरच उभे होते.

थंडीत एक साहेब प्रशिक्षणाचा परिणाम बघायला आले. वर्गात उरलेल्या चार-दोन पोरांना त्यांनी इंग्रजीत काहीबाही विचारलं. पोरं खाली बघत राहिली.

“मग प्रशिक्षण घेऊन केलंत काय तुम्ही?”

“बोलणारी पोरं उसाला गेली, साहेब,” गुरुजी म्हणाले.

“ते कारण सगळेच सांगतात.”

त्या दुपारी गुरुजी डबा घेऊन एकटेच शेजारच्या वर्गात जाऊन बसले. मीही त्यांच्यामागं गेलो नाही.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. ती मुलगी आली, पण शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायला आली होती. उसाच्या पाचटानं तिचे तळहात चिरले होते. मी विचारलं, “हाऊ आर यू?”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मी मराठीत विचारलं. त्यालाही तिनं नुसती मान हलवली.