बरणी उघडा, साहेब आलेत

देवाला न घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सुनेच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना घाबरत नाही अशी लोणच्याची बरणी अख्ख्या सिंगापुरात सापडायची नाही. गावाकडं ते अन्नभेसळ खात्यात इन्स्पेक्टर होते, आणि ते सुद्धा कायदा कोरा करकरीत होता तेव्हापासूनचे. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, मुलाकडं जुरोंग ईस्टला आमच्याच काँडोत, म्हणजे सोसायटीत, येऊन राहिले, पण खातं काही अंगातून गेलं नाही. कुणाकडंही गेले की चहाच्या आधी स्वयंपाकघर. खिशातून भिंग काढणार, सॉसची बाटली उजेडाला धरणार, चिंचेच्या चटणीवर एक बुडबुडा दिसला की झालं, "आंबलंय. टाका!" बायकांनी त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप काढला होता. साहेब लिफ्टमध्ये शिरले की मेसेज फिरायचा आणि सगळ्या मजल्यांवरची लोणची कपड्यांच्या कपाटात जायची. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये तर एकदा त्यांनी मिरचीच्या सॉसची वाटी नाकाला लावली. दुकानवाली ओरडली, "अंकल, फ्रेश ला! मॉर्निंग मेक!" साहेब म्हणाले, "व्हिच मॉर्निंग?" बाई आधी चिडली, मग इतकी हसली की आतून नवी बाटली घेऊन आली.

मी सातवीत शाळा सोडलेला, तोंडाचा फटकळ, म्हणून आमचं जमलं. मी विचारलं, "साहेब, तुम्ही एवढं घाबरवता, पण खाणारे तर सगळे जिवंत आहेत. तक्रार कुणाची?" ते म्हणाले, "मेलेले तक्रार करत नाहीत, काका." बोलले आणि जीभ चावली. माझी बायको जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. पण मला हसू आलं. ती गेल्यापासूनचं पहिलंच.

तिनं घातलेलं लिंबाचं लोणचं फ्रीजमध्ये होतं, अर्धी बरणी. त्यावर बुरशी धरली. सून म्हणाली, "बाबा, टाकूया ना. आजारी पडाल." मी म्हटलं, "हात लावायचा नाही." बुरशीचं मला काही नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत हिच्या हातचं लोणचं कधी नासलं नाही, आणि शेवटचंच तेवढं नासलं असं कुणी म्हणायला नको होतं. सुनेनं सरळ साहेबांना फोन लावला.

साहेबांनी भिंग लावलं, वास घेतला, तळातली एक फोड काढून बोटांत दाबली. "मीठ बरोबर. फोड घट्ट. घालणारीचा काही दोष नाही. ओला चमचा कुणी घातला?"

ती होती तोवर बरणीला हात लावायची मला मुभा नव्हती. गेल्यावर मीच लावला.

"मी."

"आरोपी कबूल," म्हणाले, आणि बरणी सुनेच्या हातात दिली. मी अडवलं नाही. तिच्यावर ठपका आला नाही, मला तेवढं पुरे होतं.

पण कायद्यात असं आहे म्हणे, की माल नष्ट करायच्या आधी नमुना काढायचा आणि सील करून ठेवायचा, उद्या कोर्टात कुणी उलटलं तर. साहेबांनी तळातल्या दोन फोडी औषधाच्या धुतलेल्या बाटलीत घातल्या, मेणबत्ती वितळवून झाकण बंद केलं, चिठ्ठी चिकटवली. "उघडायची नाही. खटला संपेपर्यंत तुमच्या ताब्यात. करणाऱ्याचं नाव?"

"ही."

"सरकारी चिठ्ठीवर 'ही' चालत नाही."

लग्नात बायकांनी दार अडवून नाव घ्यायला लावलं होतं, तेवढंच. पुढं सगळा संसार 'अगं'वर भागला.

"शालिनी," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं." कान त्यांचे माझ्याहून शाबूत आहेत.

"शालिनी," मी परत म्हणालो, जरा मोठ्यानं. साहेब माझ्याकडं न बघता लिहीत राहिले. एवढंसं नाव, पण त्यांनी फार वेळ लावला.