मधली तार

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तर वर्षं पुरी झाली होती. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण वायरमन म्हणून खांबावर आणि शिडीवर झालं, आणि त्यात मी कुणाला हार गेलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मुलगा जर्मनीत, बॉबलिंगेनला इंजिनीयर होता. चांगली नोकरी सोडून त्याने गावाबाहेर एक शेड भाड्याने घेतली आणि अमेरिकेतल्या छोट्या कारखान्यांसाठी विजेची पॅनेलं बनवायला लागला. मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो. घरी बसून करणार काय? रोज त्याच्याबरोबर शेडमध्ये जायचो. सूनबाई त्या शेडला तिकडच्या भाषेत वेर्कश्टाट, म्हणजे वर्कशॉप, म्हणायची आणि दोघांचा डबा भरून द्यायची.

पहिलं पॅनेल तपासायला अमेरिकेहून गिऱ्हाइकाचा माणूस यायचा होता. त्याच्या पसंतीला उतरलं तर धंदा उभा राहणार, नाहीतर पुन्हा नोकरीच्या मागे लागायचं. घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

तो यायच्या आदल्या दुपारी मी ते पॅनेल नीट बघायला उभा राहिलो. अमेरिकेत मिळते तशी वीज तपासणीपुरती तयार करायला मुलाने ट्रान्सफॉर्मर बसवला होता. भिंतीवर तिकडच्या पद्धतीचं मीटर, शेजारी पॅनेल. मीटरमध्ये तीन तारांतली नारिंगी तार उजव्या टोकाला. लांबूनच बोटाने तिचा माग घेत पॅनेलपर्यंत आलो, तर इथे ती मधोमध. उद्या पाहुणा येणार आणि पोराने तारा चुकवून ठेवल्यात.

आमच्या कामात नियम होता. मीटरमधून तारा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने शेवटच्या मोटरपर्यंत न्यायच्या. लाल, पिवळा, निळा. क्रम मोडला की मोटर उलटी फिरते, पंप पाणी चढवत नाही, आणि गाव वायरमनच्या नावाने शंख करतं. हा नियम याच पोराच्या डोक्यात मी लहानपणी ठोकून बसवला होता. सुट्टीत तो माझी बॅटरी धरायला यायचा. बॅटरी धरणाऱ्याने उजेड पाडायचा, तोंड उघडायचं नाही, हाही माझाच नियम.

मी त्याला चूक दाखवली. त्याने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, असंच असतं. मीटरमध्ये उजवीकडे, पॅनेलमध्ये मधे. त्या विजेत दोन तारांचा दाब न्यूट्रलशी एकशेवीस व्होल्ट, आणि ही तिसरी, नारिंगी, दोनशेआठ. मी हसलो. तीन फेज म्हणजे तीन सख्खे भाऊ. एकाच्या ताटात जास्त वाढलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मग त्याने पुठ्ठ्यावर त्रिकोण काढला. न्यूट्रल एका बाजूच्या मधून काढलेला, त्यामुळे त्या बाजूची दोन टोकं त्याला जवळ आणि वरचं तिसरं लांब. मी म्हणालो, पुठ्ठ्यावर काय, हत्तीसुद्धा उडतो.

आणि स्टूल ओढून पॅनेलसमोर बसलो. तार उजवीकडे गेल्याशिवाय उठणार नाही म्हणून सांगितलं. त्याने वैतागून बायकोला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"अहो बाबा, उठा ना," सूनबाई म्हणाली. "दोघं एकाच साच्यातले. मी समजूत घालायची तरी कुणाची?"

फोन ठेवून मुलगा म्हणाला, उद्या तुम्ही घरीच थांबा. ते मला फार लागलं. म्हटलं, थांबतो, पण आधी बल्ब लावून दाखव. भाऊ सारखे निघाले तर तार हलवायची.

त्याने मला चष्मा घालायला लावला आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या तक्त्यामागे उभं केलं. तिकडचा एकशेवीसचा बल्ब होल्डरमध्ये बसवून आधी डावीकडे जोडला. छान लागला. मग उजवीकडे. तसाच. मी त्याच्याकडे बघून मिशीत हसलो.

"आता मधला."

"बाबा, फुटेल."

"फुटू दे."

बल्ब पेटला तो पिवळा नाही, पांढराफेक. असा उजेड बल्बातून निघालेला मी जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या क्षणी फट् झालं आणि काचा तक्त्यावर येऊन आपटल्या.

विजेचे झटके मी पुष्कळ खाल्लेत. एकदा खांबावरून खालीही आलोय. पण असा हादरलो नव्हतो. तीन भाऊ सारखे नसतात? मग मी जन्मभर काय धरून बसलो होतो?

मुलाने वीज बंद केली. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तिकडचा वायरमन पॅनेल उघडतो ते एका भरवशावर. मधल्यावर दिवा, पंखा काही जोडायचं नाही. ही तार मी उजवीकडे नेली असती, तर त्याने बेधडक उजवीकडे दिवा जोडला असता."

मला तो माणूस दिसला. माझ्यासारखाच, चार इयत्तांचा, हातात पेचकस. त्याचा हात उजवीकडे निघालेला.

मोटर उलटी फिरेल त्याचं काय, मी विचारलं. दिशा वेगळी तपासून घेतलीय, तो म्हणाला. मग मीटरमध्येच उजवीकडे का? तर म्हणे मीटरवाल्यांची रीत वेगळी.

"म्हणजे माहेरी उजवीकडे आणि सासरी मधे," मी म्हणालो. त्यावर तो जरासा हसला. पण उद्या चला, असं काही म्हणाला नाही.

जेवताना सूनबाईने विचारलं, काय ठरलं? मी म्हणालो, एक बल्ब गेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि त्याच्या आधी गाडीत जाऊन बसलो. तो उतरा म्हणाला नाही. शेडमध्ये वीज बंद ठेवून त्याने शेवटचे पेच आवळायला पॅनेल उघडलं. मी टेबलावरची बॅटरी उचलली, त्याच्या खांद्यामागे उभा राहिलो आणि मधल्या तारेवर उजेड पाडला. तोंड उघडलं नाही.