संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

उमरगा-तुळजापूर एसटीत एक गृहस्थ नेहमी मागच्या संकटकालीन दाराजवळ बसतात. चार वेळा जहाजाची सफर करून आलेला माणूस, पण त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. "जहाजावर आधी भोंगा होतो. सगळ्यांनी जाकीट घालून बचावनावेपाशी उभं राहायचं, जेवण मागनं. इथं कोण सांगतंय?" असं म्हणत ते दाराची कडी हलवून बघतात. विमानाच्या तिकिटाबद्दलही त्यांचं मत आहे. मूळ भाडं ते नखावर दाखवतात आणि टॅक्स कोपरापर्यंत. तेवढ्यापुरतं शेजाऱ्याला सरकावं लागतं.

परवा त्या दाराला टेकून एक पोतं होतं. "हे कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं. पोत्यात पंधरा किलो तूरडाळ होती आणि ती माझी होती. शाळेत आपत्ती व्यवस्थापनाचा धडा मीच शिकवतो, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यांनी पोतं उचलून मांडीवर घेतलं आणि तुळजापूरपर्यंत तसंच धरलं. आता ते मागायचं कोणत्या तोंडानं? डाळीचं काय झालं म्हणून बायकोला सांगायचं, ते जुळवत मी स्टँडवर रिकाम्या हातानं उतरलो.

मागं खटका वाजला. संकटकालीन दार पहिल्याच हिसक्यात उघडलं आणि त्यातून माझं पोतं बाहेर आलं.

"धरा, गुरुजी. विमानात ह्याचं येगळं भाडं लागलं असतं, वर टॅक्स."

मी धरलं. तोवर त्यांनी दार दोनदा लावून बघितलं.